लेसरचे पट्टे ताण थेट दाखवत नाहीत



९ जुलै २०२५ रोजी कोसळलेल्या गंभीरा पुलासारखे पूल लेसर व्यतिकरणाने तपासावेत, ही या सदरातल्या एका पत्रलेखकाची सूचना कळकळीची आहे, पण अपुरी.

हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. पृष्ठभाग प्रकाशाच्या दिशेने तिच्या निम्म्याने, म्हणजे ०.३२ मायक्रोमीटर सरकला की व्यतिकरणाचा एक पट्टा पुढे जातो. म्हणजे हाती येते ते विस्थापन. त्यावरून विकृती आणि मग यंगच्या गुणांकाने प्रतिबल, म्हणजे ताण, काढावे लागते.

ट्रकच्या हादऱ्यांत हे पट्टे टिकत नाहीत. शिअरोग्राफी ही लेसरचीच दुसरी पद्धत हादरे बरेच सोसते. विमानांच्या संमिश्र भागांतले सुटलेले थर शोधायला ती उत्तम. पुलांवर मात्र स्ट्रेन गेज आणि ब्रॅग जाळीचे प्रकाशतंतू कायमचे बसवावेत, नोंदी जाहीर कराव्यात.

– एक वाचक, हरणी, वडोदरा