दात न बघता विसार देऊ नका



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. आणि जरा तिखट लिहितोय, आधीच सांगतो.

दसऱ्याचा झेंडू तोडणीला यायच्या आत आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात दरवर्षी एक शोध सुरू होतो. जुना, पण चालू कंडिशनचा पिकअप. भाड्याच्या गाडीने माळशेज उतरून दादरच्या फुलबाजारात माल टाकायचा म्हटलं की दराचा मोठा घास भाडंच खातं. म्हणून पोरं रात्री मोबाईलवर जाहिराती चाळत बसतात. आणि दरवर्षी कुणी ना कुणी पैसे घालवून बसतो. गाडी बघितलेली नसते, गाडीवाला बघितलेला नसतो, पैसे मात्र गेलेले असतात.

मग गटावर तेच वाक्य पडतं : "लोभ नडला."

मला या वाक्याचा राग येतो. स्वस्तात गाडी शोधणं हा लोभ कधीपासून झाला? आपण खताची गोणी चार दुकानं फिरून घेतो, बियाण्याचा भाव विचारतो, मजुरीची घासाघीस करतो. तो हिशोब असतो. ज्याचा झेंडू दादरला कोणत्या भावाने जाईल हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं, त्याने गाडीत पन्नास हजार वाचवायचे ठरवले तर बिघडलं काय?

"लोभ नडला" या वाक्याने चोराचा फायदा होतो. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, पोलिसाकडे जात नाही, बँकेला फोन करत नाही. आणि पैसे अडवता येण्याची शक्यता असते ती पहिल्या काही तासांतच. म्हणजे आपण टोमणा मारतो तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपण नडतो ते क्रम उलटा केल्यामुळे.

बैलबाजार आठवा. जनावर आधी बघायचं. दात मोजायचे, चालवून बघायचं, जू मानेवर ठेवून ओढवून बघायचं. खुराला हात लावायचा. मग रुमालाखाली बोटं धरून भाव. भाव पटला की मग विसार. शेवटी बाजार समितीची पावती. आपल्या आज्याला लिहिता येत नव्हतं, पण हा क्रम त्याने कधी चुकवला नाही.

मोबाईलवर याच विसाराला "टोकन" म्हणतात आणि तो सगळ्यात आधी मागतात. "दादा, अजून तीन गिऱ्हाइकं आहेत, पाच हजार टाका, गाडी तुमच्या नावाने ठेवतो." बैल गोठ्यात, गोठा शंभर कोसांवर आणि विसार आज रात्री. हे आज्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने काठी उचलली असती.

आता बघा, या जाहिरातीत पत्ता बहुतेक वेळा मुंबईचा का असतो. परळ, दादर, लालबाग, गिरगाव. कारण मुंबई आपल्याला परकी वाटत नाही. घाटावरच्या आणि कोकणातल्या किती घरांतलं कुणी ना कुणी गिरणीत होतं. १९८२ च्या संपानंतर बरेच जण गावी आले, पण चाळीतल्या खोल्या आणि नाती राहिली. त्यामुळे "लालबाग" वाचलं की मन सैल होतं. दुसरं म्हणजे मुंबईचा माणूस गाडी जपून वापरतो, लवकर बदलतो, अशी आपली समजूत. "डॉक्टरांची गाडी, परळ, सिंगल ओनर, बदलीमुळे विकणे आहे" हे वाचलं की विश्वास बसतो. आणि तिसरं, मुंबई एवढी लांब आहे की तुम्ही आज संध्याकाळी जाऊन बघणार नाही. चोराला नेमकं तेवढंच अंतर हवं असतं.

मागच्या महिन्यात एका पोराने मला अशीच जाहिरात पाठवली. ट्रॅक्टर, पंचेचाळीस एचपी, ठिकाण गिरगाव. अरे, गिरगावच्या वाड्यांमध्ये दुचाकी लावायला जागा नाही, तिथे ट्रॅक्टर कोण कशाला ठेवेल? फोटो मोठा करून बघितला. ट्रॅक्टरच्या मागे पिवळीधमक मोहरी फुललेली. एवढा मोहरीचा सपाट पट्टा मुंबईत सोडा, आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही. तो फोटो राजस्थान-हरियाणाकडचा दिसत होता. कृषी सहायक मित्रांनो, इथे तुमची नजर कामाला येते. फोटोतली माती, पीक, झाडं, कुंपण बघा. ऑगस्टच्या जाहिरातीत गव्हाची कापणी दिसत असेल तर फोटो आत्ताचा नाही, एवढं तर कळतंच ना?

गणवेशाचा प्रकार तर सगळ्यांत संतापजनक. समोरचा सांगतो, मी फौजी आहे, किंवा मुंबई विमानतळावर सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतोय. ओळखपत्राचा फोटो पाठवतो, कॅन्टीन कार्ड पाठवतो. मग "गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल". आधी गेटपास, मग डिलिव्हरी चार्ज, मग जीएसटी, मग विमा. प्रत्येक रक्कम "रिफंडेबल". पहिले पैसे वाचवायला माणूस दुसरे टाकतो, दुसरे वाचवायला तिसरे. आपल्याकडे गावोगावी जवान आहेत. त्यातल्या एकालाही विचारा, लष्कर कुणाची खासगी गाडी विकून गिऱ्हाइकाच्या दारात पोचवतं का. तो हसेल. आपल्या मनात जवानाबद्दल जो मान आहे, त्यावर हे लोक धंदा करतात. याला लोभ म्हणणार का?

ही कुणा एकट्या-दुकट्या भामट्याची कामं नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर सुमारे ५,००० पोलीस घेऊन एकाच वेळी छापे टाकले. पुढे पोलिसांनी सांगितलं की तिथल्या टोळ्यांनी देशभरात सुमारे १०० कोटींची फसवणूक केली आणि जवळपास २८,००० प्रकरणं त्यांच्याशी जोडली गेली. जुन्या गाड्यांच्या खोट्या जाहिराती हा त्यातला एक मार्ग. कुणी फोटो गोळा करतो, कुणी सिम पुरवतो, कुणी भाड्याने बँक खाती देतो, कुणी गोड बोलतो. पूर्ण साखळी आहे. तिच्यासमोर एकटा शेतकरी उभा करायचा आणि तो हरला की त्याला लोभी म्हणायचं, हा न्याय नाही.

आता कुणी म्हणेल, मग सोपं आहे, मुंबईच्या पाहुण्याला पाठवू, गाडी बघून येईल. पाठवाच. पण तेवढ्याने भागत नाही, कारण दुसरा डाव याहून बारीक आहे.

समजा लालबागला एका माणसाने आपला पिकअप खरोखर विकायला काढलाय. चोर त्याची जाहिरात उचलतो, किंमत कमी करून स्वतःच्या नंबरने टाकतो. मालकाला फोन करून सांगतो, "गाडी मी घेतोय, माझा माणूस बघायला येईल, त्याच्याशी भावाचं बोलू नका." तुम्हाला सांगतो, "गाडीपाशी माझा मेव्हणा भेटेल, घरातला व्यवहार आहे, त्याच्यासमोर किंमत काढू नका." तुम्ही जाता. गाडी खरी, मालक खरा, आरसी खरी. इंजिन चालू करता, चेसिस नंबर जुळतो. सगळं दात बघून झालं. मग फोनवरचा माणूस खातं क्रमांक देतो, तुम्ही पैसे टाकता आणि किल्ली मागता. मालक म्हणतो, "कसले पैसे? मला एक रुपया आला नाही." दोघंही खरे, दोघंही अडकलेले. चोर त्या गल्लीत आलाच नाही.

म्हणून माझे नियम हे. कापून वहीत ठेवा.

१) गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन नाही. पाचशेसुद्धा नाही. "गाडी जाईल" म्हणाला तर जाऊ द्या. बाजारात बैल संपत नाहीत.

२) जो गाडीपाशी उभा आहे, त्याच्याशी भाव तोंडावर बोला. "किंमत काढू नका" असं कुणी सांगितलं तर सगळ्यात आधी किंमतच काढा. खरा व्यवहार उघड बोलण्याने मोडत नाही.

३) पैसे फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात, बँकेतून. भाऊ, मेव्हणा, मॅनेजर, कुणी नाही. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव वाचा. यूपीआयवर ते दिसतंच. आरटीजीएस-एनईएफटी करतानाही बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत नाव दाखवायची सोय करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

४) गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण जुळतंय की नाही ते कळतं. फिटनेस, विमा, मॉडेल, नोंदणीचं आरटीओ दिसतं. जाहिरात गिरगावची असेल तर एमएच-०१, म्हणजे ताडदेवचं आरटीओ, असण्याची शक्यता जास्त. दुसरा नंबर असला म्हणून गाडी चोरीची ठरत नाही, पण का, हे विचारा. थकलेली ई-चलनंही तपासा.

५) आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव असेल तर हप्ते फिटल्याचं तोंडी ऐकू नका. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पाहिजे. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे आधी.

६) फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका : फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच धरला जाईल. गाडी देऊन मोकळे होऊ नका, नाव बदललं का ते बघा.

७) आपली गाडी विकताना कुणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला.

आणि तरीही फसलात, तर लाजू नका. त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा, व्यवहाराचा नंबर सांगा, आपल्या बँकेलाही कळवा. मग राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका. चॅट, जाहिरात, नंबर, काहीही डिलीट करू नका. कुणी म्हणालं, "गाडी मुंबईची, तिकडेच तक्रार द्या," तर शांतपणे सांगा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. एका फसलेल्या माणसाला एसटीने दादरला पाठवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा लुटणं आहे.

शेवटी ज्यांच्या पानांवर या जाहिराती झळकतात त्यांच्याबद्दल. आमच्या बाजार समितीत अडत्याला परवाना लागतो. नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं अधिकारपत्र लागतं, केंद्राचा तो नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. मग ज्या कंपनीच्या पानावर दिवसात लाखो लोक गाड्या बघतात, तिने गाडीचा नंबर आणि विकणाऱ्याची ओळख न तपासता जाहिरात का छापावी? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना "आम्ही फक्त मध्यस्थ" म्हणायची सोय देतं. सोय अटींसह आहे, हे ते सांगत नाहीत. आणि मध्यस्थ आमच्याकडेही असतो. बैलबाजारातला हेड्या दोन्हीकडचे पैसे खातो, पण जनावर मारकं निघालं तर पुढच्या बाजारी त्याला तोंड दाखवावं लागतं. या कंपन्यांना पुढचा बाजारच नाही. नंबरप्लेट टाकल्याशिवाय गाडीची जाहिरात चढूच नये, एवढी मागणी आपण शेतकरी गटांनी, उत्पादक कंपन्यांनी लावून धरायला काय हरकत आहे?

तोवर आज्याचा क्रम पाळा. आधी जनावर, मग भाव, मग विसार, मग पावती. आणि गटावर कुणी "फसलो" असं लिहिलं तर "लोभ नडला" लिहू नका. "१९३० ला फोन लावला का?" एवढंच विचारा.

पटलं तर आपल्या गावच्या गटावर टाका. दसरा जवळ आलाय.