सीपॅप कपाटात ठेवलंय? मग दंतवैद्याकडे जा

सीपॅप मशीन लिहून दिले की आपले काम संपले, असे आम्ही डॉक्टर समजतो. प्रत्यक्षात अनेकांचे मशीन महिनाभरात कपाटात जाते. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते. मग पुन्हा घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंग आणि वाढता रक्तदाब.

अशा रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. दातांच्या मापाने बनवलेले उपकरण झोपताना तोंडात बसवले की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते.

मात्र आधी स्लीप स्टडी हवीच. तासाला 5 ते 30 वेळा श्वास थांबत किंवा अपुरा पडत असेल, तर या उपकरणाचा चांगला उपयोग होतो. 30 च्या वर असेल तर आधी सीपॅपच. ते सहन झाले नाही तरच हे. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ येते. पुढे दातांची ठेवणही थोडी बदलू शकते. म्हणून ऑनलाइन मिळणारे तयार उपकरण घेऊ नका.

घोरणे थांबले म्हणजे आजार गेला असे नाही. उपकरण लावून स्लीप स्टडी पुन्हा करा. आणि मशीन वापरत नसाल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.