आपली गोष्ट आपण लिहावी



चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. इंग्रज आले त्या काळातील इग्बो लोकांचे जीवन तिच्यात आहे. जुळी मुले रानात टाकून देण्याची क्रूर चालही लेखकाने लपवलेली नाही. शेवटी शूर ओकोंक्वो जीव देतो. पण इंग्रज अधिकारी त्याला आपल्या पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद देण्याचे ठरवतो!

आपल्या पुणे जिल्ह्यातील मुळशीची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. इंग्रजी राजवटीत मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधायला घेतले. जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. या लढ्याने पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. तरीही गावे पाण्याखाली गेली. सेनापतींचे नाव आपण वाचतो. पण शेते गमावलेल्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून ही कादंबरी वर्गात वाचावी, तिच्यावर चर्चा करावी, असे मला वाटते. मग वडीलधाऱ्यांना आपल्या गावाविषयी विचारा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. चांगले लिहा, वाईटही लिहा. आपण लिहिले नाही, तर दुसरा कोणी आपली गोष्ट एका परिच्छेदात संपवील.