मेरिटच्या दारावर कोण बसले आहे?

'आरक्षण नको, मेरिट बघा' म्हणणाऱ्यांना आम्ही हर्ब कार्नेगी यांचे उदाहरण देतो. जमैकाहून आलेल्या काळ्या आईबापांचा हा मुलगा 1919 साली कॅनडात टोरांटोला जन्मला आणि आइस हॉकीत तरबेज झाला. क्वेबेकच्या लीगमध्ये 1940 च्या दशकात ते सलग तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरले. यापेक्षा वेगळे मेरिट कोणते? 1948 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना चाचणीला बोलावले, पण करार देऊ केला तो खालच्या संघांचा. क्वेबेकमध्ये त्याहून जास्त पैसे मिळत होते. त्यांनी नकार दिला. एनएचएलचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

2012 मध्ये कार्नेगी वारले. 2022 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमने त्यांना मान दिला, तोही खेळाडू म्हणून नव्हे, 'बिल्डर' या गटात!

आपल्याकडे हिंदू संघासाठी ढिगाने बळी घेणाऱ्या पळवणकर बाळूंनाही कर्णधार नेमले गेले नाही. गुण मैदानात दिसतात, निवड मात्र खुर्चीवरून होते. म्हणून आम्ही दया मागत नाही. त्या खुर्चीवर प्रतिनिधित्व मागतो.

जयभीम!