नशीब नव्हे, वायसर!

दिवाळीत गावी जाऊन आलो. आमच्या दादाच्या (थोरला चुलतभाऊ) उजव्या हाताची तर्जनी आता नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "नशीब, बोटावर निभावलं!" या 'नशीब' शब्दाचाच मला राग आलाय, म्हणून हे लिहितोय.

झालं असं की, मुरूम भरलेली डंपिंग ट्रॉली उचलत नव्हती. वेल्डिंगवाल्याने ट्रॅक्टरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगमागे एक वायसर टाकला. होज पाइप आखूड पडत होता, त्याला भंगारातला दुसरा जोडला. ट्रॉली उचलली. सगळे खूश. "काय डोकं आहे!"

डोकं? अहो, दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत सोडून द्यायचं, एवढंच तर त्या व्हॉल्व्हचं काम. तो बिघडला नव्हता. 'ओझं जास्त झालंय' असं तो सांगत होता. आपण त्याचं तोंड बंद केलं.

गाडीच्या चाकात 30-35 पौंड हवा असते. हायड्रोलिक लाइनमध्ये ओझ्याखाली 2000-2500 पौंड दाब सहज असतो. त्या दाबाने सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार धड दिसतही नाही, आणि कातडीतून थेट आत शिरते. दादाने गळती शोधायला होजवरून बोट फिरवलं. टोचल्यासारखं झालं, बस्स. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी येऊन झोपला. अशी जखम दिसायला क्षुल्लक असते, पण काही तासांत शस्त्रक्रिया लागते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"पुण्यात बसून शहाणपण शिकवू नकोस, हंगामात ट्रॅक्टर उभा ठेवून परवडतं का?" असं काका म्हणाले. प्रश्न रास्त आहे. पण नव्या होजला कंपनीचंच दार गाठावं लागतं असं थोडंच आहे? मापाचा होज क्रिंप करून देणारी दुकानं असतात. होजवर त्याचा दाब छापलेला असतो, तो वाचायचा. ट्रॉली उचलत नसेल तर मुरूम कमी भरायचा. गळती पुठ्ठा फिरवून शोधायची, बोटाने कधीच नाही. आणि नट सैल करण्याआधी ट्रॉली खाली टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब सोडायचा. यात कितीसा खर्च आहे?

जुगाडाला माझा विरोध नाही. आमच्या आजोबांची अर्धी शेती जुगाडावर चालली. पण फसला तर काम थांबतं, तो जुगाड. फसला तर माणूस जातो, त्याला जुगाड म्हणू नये. आणि त्याचं कौतुक तर मुळीच करू नये.

दादा, ताई तुला हे वाचून दाखवेलच. रागावू नकोस. तो वायसर अजून आतच आहे, मला माहीत आहे. आधी तो काढ. मग बोलू.