केळीचे खोड आणि विजेची साठवण

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर लागले की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात. ईसापूर धरणाच्या पाण्याने या भागाला जी समृद्धी दिली, तिचे हे हिरवे रूप. घड उतरला, मालमोटारीत भरला, उत्तरेच्या बाजारपेठेकडे रवाना झाला, की शेतकऱ्याचा हिशेब पुरा होतो. मागे उरते ते खोड. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. नंतर ते तोडून बांधावर टाकण्यावाचून गत्यंतर नसते. या टाकाऊ खोडाचा विजेच्या साठवणुकीशी काही संबंध असेल, असे कोणी म्हटले तर सामान्य वाचक सहज विश्वास ठेवणार नाही. तथापि केळीच्या तंतूंपासून तयार केलेल्या सक्रिय कार्बनचे इलेक्ट्रोड कपॅसिटरसाठी वापरून पाहणारा शोधनिबंध २००७ सालीच प्रसिद्ध झाला आहे. प्रश्न विज्ञानाचा राहिलेला नाही. तो आता अर्थशास्त्राचा आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. बॅटरी रासायनिक क्रियेने वीज साठवते. सुपरकपॅसिटर नावाचे साधन ती कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतभारित कणांच्या थराने साठवते. अर्थात पृष्ठभाग जितका मोठा, तितकी साठवण अधिक. उत्तम सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग दीड ते दोन हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत सुमारे अर्ध्या एकराचे क्षेत्र दडलेले असते. या भुकटीत वीजवाहक काजळी आणि चिकटवणारे द्रव्य मिसळून, धातूच्या पातळ पत्र्यावर तिचा लेप दिला, की संमिश्र इलेक्ट्रोड तयार होतो. मँगनीज डायऑक्साइडसारखे द्रव्य मिसळून त्याची धारणशक्ती वाढविण्याचेही प्रयोग झाले आहेत. आणि या खनिजाच्या खाणी आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे आहेत.

या साधनाविषयी अवास्तव आशा मात्र बाळगू नये. बाजारात मिळणारा, सुमारे अर्धा किलो वजनाचा, ३००० फॅरडचा मोठा कपॅसिटर पूर्ण भरला तरी त्यात जेमतेम ३ वॉट-तास ऊर्जा मावते. ९ वॉटचा दिवा तिच्यावर वीस मिनिटे जळेल. तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीवर तोच दिवा रात्रभर चालेल. मग उपयोग काय? उपयोग वेगाचा आणि टिकाऊपणाचा. बॅटरी काही हजार वेळा भरून-रिकामी झाली की थकते. कपॅसिटर हे काम लाखो वेळा करतो आणि काही सेकंदांत भरतो. शांघाय शहरात २००६ साली थांब्याथांब्यावर भरून घेणाऱ्या कपॅसिटरवर बसगाड्या धावू लागल्या. गाडीला ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळविणे, पवनचक्कीची पाती वादळात वळविणे, ही त्याची खरी क्षेत्रे होत. बॅटरीचा तो प्रतिस्पर्धी नव्हे, सहकारी आहे.

सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडचे पहिले पेटंट १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने घेतले. पण माल बाजारात आणण्याचा मान १९७८ साली जपानच्या एनईसी कंपनीला मिळाला. शोध एकाचा, उद्योग दुसऱ्याचा, हा या इतिहासातील पहिला धडा. दुसरा धडा नारळाचा. इलेक्ट्रोडसाठी जगभर नावाजलेला कार्बन नारळाच्या करवंटीपासून बनतो. दक्षिणेत करवंटीच्या कोळशाचा धंदा उभा राहिला तो कपॅसिटरमुळे नव्हे. पाणी शुद्ध करणाऱ्यांना आणि सोने वेगळे काढणाऱ्यांना असा कार्बन हवा होता, म्हणून. साध्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, त्यावर कौशल्य वाढले, आणि मग उच्च प्रतीच्या मालाची शिडी चढता आली. केरळातील कन्नूर जिल्ह्यात २०२४ साली केल्ट्रॉन या सरकारी उद्योगाने इस्रोच्या तंत्रज्ञानाच्या आधारे सुपरकपॅसिटरचे उत्पादन सुरू केले, तेही अशाच दीर्घ तयारीनंतर.

आता अर्धापूरचा हिशेब मांडू. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणजे एक टन खोड वाळविले तर शंभर किलोही कोरडा भाग उरत नाही. तो जाळून कोळसा केला की पाव हिस्सा राहतो, आणि छिद्रे पाडण्याच्या क्रियेत त्यातलाही निम्मा जातो. ढोबळ मानाने टनामागे दहा-बारा किलो कार्बन! ओले खोड दूरच्या कारखान्यात नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय. वाळवण आणि कोळसा गावातच झाला पाहिजे, हे यातून निष्पन्न होते. केळीत पोटॅश भरपूर असते; ते छिद्रे पाडण्यास मदत करते, पण तेच राखेच्या रूपाने मागे राहून इलेक्ट्रोडला बाधक ठरते. ते आम्लाने धुवावे लागते, आणि त्या सांडपाण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. शिवाय खोड जमिनीत कुजले तर तेच पोटॅश पिकाला परत मिळते. त्यामुळे ‘टाकाऊ’ म्हणून त्याची किंमत शून्य धरणे, हा शेतकऱ्यावर अन्याय ठरेल.

म्हणून घाईने कारखान्याची कोनशिला बसविण्यात अर्थ नाही. केळीबरोबर कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या यांचाही विचार व्हावा. त्या कोरड्या असल्याने कोळशाला अधिक सोयीच्या आहेत. शेतकरी कंपन्यांनी प्रथम पाणी शुद्ध करण्याच्या प्रतीचा कार्बन बनवावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात त्याची प्रत तपासून देण्याची सोय सर्वांना खुली असावी. इलेक्ट्रोडची पायरी त्यानंतरची. खोडाला वजनावर नव्हे, कोरड्या भागावर भाव मिळावा.

१९८४ साली दांडेकर समितीने मराठवाड्याचा रस्ते, सिंचन, वीज यांतील अनुशेष रुपयांत मोजून दाखविला. कच्च्या मालाबरोबर येथून किती मूल्य बाहेर जाते, हा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडला. कापूस आपण पिकविला. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली, आणि कापड बाहेरून येत राहिले. उद्या अर्धापूरचा कोळसा मातीमोलाने बाहेर जाऊन कपॅसिटरच्या रूपाने चढ्या भावाने परत आला, तर दोष विज्ञानाचा नसेल. विज्ञानाने दार उघडले आहे. आत कोणत्या अटींवर जायचे, हे आधी ठरविणे आपल्या हाती आहे.