पार्ट बदलण्याआधी दोष शोधा

दुकानातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही की आपण मेकॅनिकला बोलावतो. तो डबा उघडतो, दोन मिनिटे पाहतो आणि निकाल देतो, "मदरबोर्ड गेला." जुन्या मशीनचा बोर्ड मिळत नाही, म्हणून त्याबरोबर प्रोसेसर नवा, रॅमही नवी. माझ्याही दुकानात हाच निकाल मिळाला होता. दुसऱ्या कारागिराने रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कडा खोडरबराने पुसली, परत बसवली, आणि मशीन सुरू झाले!

दोष न शोधता पार्ट बदलणे ही दुरुस्ती नव्हे, विक्री आहे.

शोधण्याचा क्रम सोपा आहे. आधी वीज: प्लग, केबल, मग एसएमपीएस. त्याच्या 12 व्होल्टच्या तारेवर मीटरने 11.4 ते 12.6 च्या आत आकडा यायला हवा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर एकेक रॅम वेगवेगळ्या खाचेत लावून पाहा. घड्याळ रोज मागे पडते, तर 3 व्होल्टचा नाण्याएवढा सेल बदला. थोड्या वेळाने मशीन आपोआप बंद पडते, तर प्रोसेसरवरच्या पंख्यातली धूळ आणि वाळलेली पेस्ट तपासा. डोके फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एका वेळी एकच पार्ट बदलावा, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही.

हार्ड डिस्क टकटक करू लागली तर मात्र मशीन पुन्हा पुन्हा चालू करू नका. आधी उधारीचे खाते आणि जीएसटीची बिले वाचवा. डिस्क बाजारात मिळते, हिशेब मिळत नाही.

आपल्यातले रेडिओ आणि मोटार दुरुस्त करणारे कारागीर मीटर व सोल्डरिंगला सरावलेले आहेत. त्यांनी हे काम जरूर शिकावे. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब साठून राहतो.

आणि व्यापारी बांधवांनो, थोडा दोष आपलाही आहे. आपण पार्टचे पैसे मुकाट्याने देतो, पण दोष शोधण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग मेकॅनिक पार्टच विकणार! मजुरी मोकळ्या हाताने द्या, जुना पार्ट परत मागा आणि काय बिघडले होते ते बिलावर लिहून घ्या.